डावा पाय

माझ्या आईचं श्राद्ध ती वीस वर्षांची असतानाच उरकून टाकलं होतं. आज ती ब्याऐंशीची आहे, सकाळी दोन पोळ्या खाते आणि चहात साखर कमी पडली की मला ऐकवते.

ती ग्वाल्हेरच्या जुन्या पुरोहित घराण्यातली. दक्षिणेतून दरबाराबरोबर आलेली माणसं, दरबार गेल्यावरही तोरा न गेलेली. आई मिशनच्या शाळेत शिकवायला लागली. तिथे माझे वडील विज्ञान शिकवायचे. वडील नगरकडचे मराठी ख्रिस्ती. आईनं आधी बाप्तिस्मा घेतला आणि मग लग्न केलं. या क्रमाचा तिला अजून अभिमान आहे, नवऱ्यासाठी देव बदलला असं कुणी म्हटलेलं तिला खपत नाही. माहेरच्यांनी मात्र क्रमबिम पाहिला नाही. त्यांनी तिचं घटश्राद्ध घातलं.

घटश्राद्ध म्हणजे धर्माबाहेर गेलेल्या माणसाला जिवंतपणी मेलेलं ठरवायचं. पाण्यानं भरलेला घडा मांडायचा, दक्षिणेकडे तोंड करून डाव्या पायानं लाथाडायचा. पाणी सांडलं की माणूस संपला, घरचे आंघोळ करून मोकळे. गंमत अशी, की लाथ मारायचं काम शास्त्रानं घरच्या मोलकरणीवर टाकलेलं आहे. मंत्र यांनी म्हणायचे आणि पाय तिनं उचलायचा. त्या दिवशी मोलकरीण घड्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जिस बिटिया को गोद में खिलाया, उसके नाम की लात मैं नहीं मारूँगी." आणि पदर सावरून चालती झाली.

सगळे खोळंबले. तेव्हा माझा मामा पुढे आला. तेवीस वर्षांचा होता, आईचा एकुलता एक भाऊ. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं धोतर वर घेतलं आणि घडा उडवला. हे दारातून वळून पाहिलेलं त्या मोलकरणीनंच नंतर आईला भाजीबाजारात सांगितलं आणि सांगताना ती रडली. आई रडली की नाही हे आईनं मला कधी सांगितलं नाही.

मी आठ वर्षांची असताना हे ऐकलं. वर्गातल्या मुली सुट्टीत मामाकडे जायच्या आणि माझा मामा दीड मैलावर राहत असून मी कधी त्याच्या दारात गेले नव्हते, म्हणून मी विचारलं होतं. तोपर्यंत तो राग आईचा होता. माझा स्वतःचा राग बारा वर्षांची असताना आला. मराठी मंडळींच्या गणपतीत चित्रकला स्पर्धा असायची, त्यात माझा पहिला नंबर आला. बक्षीस द्यायला मंचावर मामा. माझं आडनाव पुकारलं, मी समोर गेले. त्यानं हातातला कंपासबॉक्स शेजारच्या गृहस्थांकडे सरकवला आणि रुमालानं चष्मा पुसत बसला. बक्षीस मला त्या गृहस्थांनी दिलं, वर गोड हसले. कंपासबॉक्स मी घरी येईपर्यंत गटारात टाकला होता. त्यानंतर मी या माणसाचं वाटोळं व्हावं असं मनापासून इच्छिलं आहे, आणि दर रविवारी चर्चमध्येही गेले आहे. दोन्ही एकत्र जमतं. विश्वास ठेवा.

यंदा वैशाखात, एका शुक्रवारी दुपारी, दर्पण कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. बाहेर लू चालली होती. दारात पंचावन्नेक वर्षांचा माणूस, घामानं निथळलेला, हातात कापडी पिशवी. मामाचं नाक त्याच्या तोंडावर होतं, त्यामुळे ओळख सांगायची गरज पडली नाही.

"आत्या, मी तुमचा भाचा," त्यानं आत येऊन आईला वाकून नमस्कार केला. मला म्हणाला, "ताई, थोडं पाणी मिळेल का?"

मी कूलरसमोरची खुर्ची सोडली नाही. पाणी आईनं वॉकर धरत जाऊन आणलं, आणि ग्लास त्याच्या हातात देताना माझ्याकडे पाहिलं.

"बाबांना शुगर आहे," तो सांगू लागला. "पायाला गँगरीन झालंय, डाव्या. पडावच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलंय. डॉक्टरनी साफ सांगितलंय, उद्यापर्यंत ऑपरेशन झालं तर बस बोटं जातील, जादा से जादा अर्धं पाऊल. पण बाबा साइनच करत नाहीयेत. म्हणतात, पहिले तिला बोलवा. तिनं माफ केल्याशिवाय पाय कापला तर पाय जाईल आणि पाप अंगातच राहील."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, पोटभर जेवल्यावर वाटतं तसं समाधान. एवढ्या मोठ्या शरीरात देवानं नेमका तोच पाय शोधून काढला होता.

मग भाच्यानं पिशवीतून काचेची छोटी बाटली काढून टीपॉयवर ठेवली आणि चुळबुळ करत म्हणाला, "आत्या, एक छोटीशी बात आहे. गुरुजी म्हणाले, तेव्हाचा विधी झालेला आहे, तर शास्त्रानुसार तुम्ही... म्हणजे तुम्ही नाहीयेत. जो नाहीये त्याची माफी लागत नाही. तर हे पंचगव्य फक्त जिभेला लावायचं, दोन मंत्र, की नवा जन्म झाला. मग माफी पक्की. फॉर्मॅलिटी आहे बस."

मी बाटली उचलून त्याच्या पिशवीत परत टाकली. आता म्हातारीला गाईचं मूत पाजून जिवंत करणार होते, म्हणजे तिनं त्यांच्या कामाला यावं. मी हेच शब्द बोलले. भाच्याचं तोंड उतरलं.

आई मात्र हसत होती. "अरे, मी मेले ती तुझ्या बापानं लाथ मारायच्या आधीच. बाप्तिस्म्याच्या पाण्यात गेले तेव्हा. त्याच पाण्यातून पुन्हा जन्मले पण. आता ब्याऐंशीव्या वर्षी आणखी एकदा बाळ व्हायची हौस नाही रे मला. मी अशीच येते."

"मग बाबांना सांगू ना, घेतलं म्हणून?"

"नाही. खोटं नाही सांगायचं. त्यानं विचारलं तर मी सांगेन, नाही घेतलं. तसं चालत असेल तर उद्या दहाला निघते."

भाचा जरा वेळ बाटलीच्या पिशवीकडे बघत राहिला. "चालेल, आत्या," तो म्हणाला, आणि पुन्हा पाया पडून गेला.

संध्याकाळी आमचं वाजलं. आई आणि मी देवाबद्दल भांडतो तशा दुसऱ्या कशाबद्दलच भांडत नाही.

"देवानं पाय बरोबर शोधला," मी म्हणाले.

"देवाला तेवढाच उद्योग आहे का? जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी विचारलं होतं ना, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? काय सांगितलं येशूनं?"

"कुणाचंच नाही."

"मग?"

"तो आंधळा होता, आई. त्यानं कुणाच्या नावाचा घडा लाथाडला नव्हता."

हे उत्तर मला फार आवडलं. म्हणून मी आणखी पुढे गेले. "आणि माफी तुझ्या एकटीची आहे का? बाबांना आयुष्यभर या गावात जावई म्हणून कुणी उंबऱ्यात घेतलं नाही. मला मामा नव्हता. ज्याचं नुकसान झालं, माफ त्यानं करायचं असतं. माझ्या वाटचं तू कसं देणार? बाबांच्या वाटचं कोण देणार?"

आईनं बराच वेळ विचार केला. मला वाटलं, जिंकले. ती म्हणाली, "हे खरं आहे. तुझं तुझ्यापाशी ठेव. माझं मी देऊन येते. दहाला निघू."

आईचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी बदलले आहेत. ऑटोत बसताना ते पुरेसे दुमडत नाहीत, आमच्या गाडीत पुढची सीट मागे ढकलली की ती बसते. म्हणजे तिची क्षमा पडावपर्यंत पोचवायची की नाही हे माझ्या हातात होतं. शनिवारी साडेनऊला मी खाली पार्किंगमध्ये गेले, गाडीत बसले, दहा मिनिटं एसी लावला. वर येऊन सांगितलं, बॅटरी बसलीय, मेकॅनिक सोमवारशिवाय यायचा नाही.

साडेदहाला भाच्याचा फोन. आईला फोनवर ऐकू येत नाही, तिचे फोन मीच घेते. त्याला म्हणाले, आईला रात्रीपासून ताप आहे.

"मी गाडी घेऊन येऊ का, ताई? आरामात नेऊ."

"एकशे दोन ताप आहे. म्हातारं माणूस आहे. उतरला की मीच आणते."

"बाबा दरवाजाकडेच बघत बसलेत," तो म्हणाला. मी म्हणाले, बरं, आणि फोन ठेवला.

मला वाटत होतं, दोन दिवस बघू दे दरवाजाकडे. मी काही त्याला मारत नव्हते, डॉक्टर होते, हॉस्पिटल होतं, सही करायला त्याचा हात धडधाकट होता. त्या शनिवारी संध्याकाळी मी आईची औषधं आणायला इंदरगंजला गेले. ऑटोनं जाते असं सांगून गाडीनं गेले, कारण लू होती.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. आमच्या चर्चमध्ये भाकर वाटण्याआधी पाद्रीसाहेब थांबतात. ज्याचं कुणाशी वैर असेल त्यानं उठावं, त्या माणसाजवळ जाऊन मिटवावं, नाहीतर जागेवर बसून राहावं, पुढे येऊ नये, असा रिवाज आहे. बरेच जण तेवढ्या वेळात फोन सायलेंटवर टाकतात. मी उठले, पुढे गेले, भाकर घेतली, प्याला घेतला. घशात काही अडकलं नाही. अडकायला हवं होतं असं आज म्हणते, त्या दिवशी परत येताना ऑटोत मी भाजी कशाची करायची याचा विचार करत होते. निघताना पाद्रीसाहेबांना सांगितलं, आईचे गुडघे दुखतायत, उद्या घरी येऊन तिला प्रभुभोजन द्या.

सोमवारी संध्याकाळी ते आले. तरुण आहेत, भले आहेत, बोलतात फार. छोटी पेटी टीपॉयवर ठेवली, रुमाल अंथरला, भाकर काढली, द्राक्षरस दोन पेल्यांत ओतला आणि ओतता ओतता मला म्हणाले, "अरे हाँ, शनिवार शाम को इंदरगंज चौराहे पर आपकी गाड़ी देखी. मैंने हाथ भी हिलाया, आपने देखा ही नहीं."

आई माझ्याकडे वळली नाही. ती रुमालावरच्या भाकरीकडे बघत होती.

पाद्रीसाहेबांनी नेहमीचं विचारलं, "माँजी, मन में किसी के लिए कुछ तो नहीं?"

"रुकिए," आई म्हणाली. "आधी एका ठिकाणी जायचंय. यह बाद में." मग मला म्हणाली, "गाडी काढ."

पाद्रीसाहेब पेटी आवरून पायऱ्या उतरले, त्यांचं काय चुकलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. ती कधी नव्हे इतकी चांगली चालली.

हॉस्पिटलमध्ये भाचा कॉरिडॉरमध्येच भेटला. दाढी वाढलेली. "ताप उतरला, आत्या?" त्यानं विचारलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो पुढे बोलत गेला, कारण त्याला बोलायचंच होतं. काल रात्री बाबांना शुद्ध नव्हती, जहर वर चढलं होतं. सही शेवटी भाच्यानंच केली. दुपारी कापला. मांडीपासून. "शनिवारी केलं असतं तर बोटांवर निभावलं असतं, डॉक्टर म्हणाले. पण आता काय, तुम्हाला ताप होता. कुणाच्या हातात थोडंच असतं."

मामा पाठीवर पडला होता. मी त्याला खूप वर्षांनी जवळून बघत होते. लहान झाला होता. चादर एका बाजूला पायाच्या उंचीची आणि दुसऱ्या बाजूला सपाट. आई वॉकरवर जोर देऊन त्या सपाट जागेशी उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. ओळखायला वेळ लागला, आणि मग इतकी ओळख पटली की त्याचा चेहरा वाकडा झाला. त्यानं हात जोडायचा प्रयत्न केला, एका हाताला सलाइन होतं. "मी त्या पायानं..." एवढंच बोलला.

"झालं," आई म्हणाली. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "आता झालं. झोप."

पंचगव्याचं त्यानं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं त्याची नजर माझ्यावर आली. "मुलगी तुझी?"

"हो."

त्यानं मलाही हात जोडले, जमतील तसे. बासष्ट वर्षांपूर्वीचे, कंपासबॉक्सचे, सगळ्याचे मिळून. मी याच दृश्याची वाट बघत मोठी झाले होते. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले.

परत आलो. जिना चढताना मी तिची कंबर धरली होती, तेव्हा मी म्हणाले, "आई, चुकलं माझं. माफ कर."

ती पायरीवर थांबली. "मला कशाला मागतेस? पाय माझा गेला का? ज्याचं नुकसान झालं, माफ त्यानं करायचं असतं. शुक्रवारी तूच सांगितलंस." मग दम घेऊन पुढची पायरी चढली.

मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी फक्त औषधांपुरतं बोलले. त्याच्याकडे माफी मागायची? मी? ज्यानं घडा लाथाडला त्याच्याकडे? तराजूत टाका म्हणावं, त्याचं बासष्ट वर्षांचं आणि माझं तीन दिवसांचं. पण त्याचं त्यानं मागून टाकलं होतं, देणाऱ्यानं देऊनही टाकलं होतं. त्याच्या पारड्यात काही उरलंच नव्हतं. माझे तीन दिवस मात्र होते तिथेच होते. ही असली तुलना करणारा धर्म आपणच दर रविवारी ऐकत आलोय हे आठवून मी स्वतःवरच चिडायचे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आई पुढे गेली आणि मी बाकावर बसून राहिले. पाद्रीसाहेबांनी माझ्यासाठी थोडं थांबून पाहिलं. मी फोन काढून सायलेंटवर टाकला.

त्याच आठवड्यात मी गेले. मामा घरी आला होता. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मी मामाच्या घराचा उंबरा ओलांडला. त्याच्या सुनेनं पन्हं दिलं, ताई ताई करत पंखा माझ्याकडे वळवला. मामा खिडकीपाशी खाटेवर टेकून बसला होता. मला बघून त्याला बरं वाटलं, ते दिसत होतं. त्यानं सुनेला सांगितलं, ही माझी भाची, लहानपणी चित्रं सुंदर काढायची. म्हणजे लक्षात होतं त्याच्या.

मी पन्हं खाली ठेवलं आणि सांगितलं. आईला ताप नव्हता. गाडीची बॅटरी बसली नव्हती. ती शनिवारीच तयार होऊन बसली होती, मी आणलं नाही. मुद्दाम आणलं नाही.

सून ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. मामा माझ्याकडे बघत होता. त्यानं हात चादरीवरून सरकवत त्या सपाट जागेवर नेला, तिथे पाय असल्यासारखा दोनदा चाचपला. मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हिला जायला सांगा," तो सुनेला म्हणाला.

मी घरी आले ती धुमसत. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडत होती.

"काय म्हणाला?"

"तोंड फिरवलं. घालवून दिलं मला." मी पर्स ओट्यावर आपटली. "बघ तुझा भाऊ. तू त्याला एका मिनिटात माफ केलंस, आणि त्याला माझे तीन दिवस जड झाले."

"एका मिनिटात?" आईनं कोथिंबिरीची काडी बाजूला टाकली. "पहिली कित्येक वर्षं मी रोज गुडघे टेकून देवाकडे त्या पायाबद्दल काय काय मागितलंय, ते तुला ऐकवत नाही. बासष्ट वर्षं लागली मला ते मिनिट यायला. त्याचा आज पहिला दिवस आहे."

तिनं निवडलेली कोथिंबीर ताटलीत गोळा केली, वॉकर जवळ ओढला.

"उद्या परत जा," ती म्हणाली. "गाडी चालू आहे ना?"